शत्रूच्या देशातलं चीज

१४ डिसेंबर १६००. नाताळ दहा-अकरा दिवसांवर आला होता. मनिलाच्या नैऋत्येला, फॉर्च्यून नावाच्या एका चिमुकल्या बेटाजवळ दोन जहाजं एकमेकांना भिडली. एक स्पॅनिश, ‘सान दिएगो’. दुसरं डच, ‘मॉरिशस’. स्पॅनिश जहाजाची सूत्रं अंतोनियो दे मोर्गा या न्यायाधीशाच्या हातात होती आणि आयुष्यभर निवाडे देत आलेला माणूस आरमारी लढाईत जेवढा तरबेज असू शकतो तेवढाच तो होता. माणसं, तोफा आणि सामान यांनी ठासून भरलेलं त्याचं जहाज तळाला गेलं. शेकडो माणसं बुडाली. मोर्गा पोहत किनाऱ्याला लागला आणि पुढे १६०९ मध्ये त्याने फिलिपाइन्सचा इतिहास लिहिला, त्यात या दिवसाची आपल्या सोयीची हकीकत सांगितली. डच कप्तान ओलिव्हर फान नूर्ट आपलं पोळलेलं जहाज घेऊन निसटला आणि पुढच्या वर्षी मायदेशी पोचला तो पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला डच म्हणून. ‘सान दिएगो’चे अवशेष १९९१ मध्ये समुद्रतळाशी सापडले. त्यातल्या बरण्या आणि चिनी मातीची भांडी आज मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात बघायला मिळतात.

डच एवढ्यावर थांबले नाहीत. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं ते मनिलावर चालून येत राहिले. १६४६ साली तर एका वर्षात पाच लढाया झाल्या. पाचही वेळा मनिलाकर तरले आणि त्यांनी त्याचं श्रेय जपमाळेच्या मातेला दिलं. ‘ला नावाल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मातेची मिरवणूक आजही दर ऑक्टोबरात केसॉन सिटीतल्या सांतो दोमिंगो चर्चमधून थाटात निघते. डचांना पळवून लावल्याबद्दल ऑक्टोबरात मातेचे आभार मानणारी हीच मंडळी डिसेंबरात डचांचं चीज टेबलाच्या मधोमध मांडतात, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मला तरी हा विषय इथूनच चविष्ट वाटायला लागला.

केसो दे बोला. लालभडक मेणाचं कवच, आत पिवळसर, घट्ट, खारट चीज. आकार साधारण लहान नारळाएवढा. नेदरलँड्सच्या उत्तरेकडच्या एडाम गावावरून जगभर ‘एडाम’ म्हणून ओळखलं जाणारं हे चीज फिलिपाइन्समध्ये बारा महिने मिळतं, पण त्याचा महिना एकच. नाताळच्या मध्यरात्री, चर्चमधून परतल्यावर घरातल्या सगळ्यांनी मिळून करायच्या जेवणाला तिथे ‘नोचे बुएना’ म्हणतात. त्या टेबलावर हा गोळा नसेल तर काहीतरी चुकलं, अशी सार्वत्रिक भावना आहे. गोळा परवडणं किंवा न परवडणं हा वेगळा मुद्दा, त्याकडे पुढे येऊच.

एडाम गाव आणि फिलिपाइन्स बेटं एकाच राजाच्या वहीत कशी आली, ते आधी बघू. फर्डिनांड मॅगेलन १५२१ मध्ये सेबू बेटावर पोचला तेव्हा तो स्पेनचा राजा पहिला कार्लोस याच्या चाकरीत होता. हाच कार्लोस पवित्र रोमन सम्राट म्हणून पाचवा चार्ल्स, आणि वारशाने नेदरलँड्सचाही धनी. त्याने १५२६ मध्ये एडामला स्वतःचं चीज-वजनघर चालवायची सनद दिली. ज्या गावात वजनघर, तिथे बाजार. जिथे बाजार, तिथे पैसा. एडामचं नाव चीजला चिकटलं ते या सनदेमुळे. कार्लोसचा मुलगा दुसरा फिलिप. त्याच्यावरून बेटांना फिलिपाइन्स हे नाव पडलं, आणि त्याच्याच विरोधात डचांनी १५६८ साली बंड पुकारलं. ते युद्ध ऐंशी वर्षं, म्हणजे १६४८ पर्यंत चाललं. चीज, बेटं आणि वैर ही तिन्ही एकाच घरातली, बापलेकांच्या दोन पिढ्यांतली. भाऊबंदकीत एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या घरांतही लोणचं एकाच पद्धतीचं असतं, तसा काहीसा हा प्रकार.

आता हे चीज इतक्या लांब टिकलं कसं? याचं उत्तर त्याच्या कृतीत आहे. एडामसाठी दूध घेतात ते थोडी साय काढलेलं. सुक्या ऐवजाच्या हिशेबात स्निग्धांश ४० टक्के, तर त्याच देशातल्या गाउडा चीजमध्ये ४८. दूध रेनेट घालून फाडायचं, चोथा बारीक कापायचा, निवळीचा काही भाग काढून त्या जागी गरम पाणी घालायचं. या धुण्यामुळे दुधातली साखर कमी होते, आंबटपणा आटोक्यात राहतो. मग गोल साच्यात दाबून मिठाच्या पाण्यात बुडवायचं आणि मुरत ठेवायचं. कमी चरबी, कमी ओल, वर मीठ. असा गोळा गलबताच्या पोटात महिनोन्‌महिने पडून राहिला तरी बिघडत नाही, उलट कोरडा आणि तिखट होत जातो. त्यातून आकार गोल. कोपरे नसल्यामुळे फुटायची, ठेचायची भीती कमी.

लाल रंगाची कथा याहून गमतीची आहे. पॅराफिनचं मेण यायच्या कितीतरी आधीपासून परदेशी जाणारं एडाम लाल रंगवत. त्यासाठी रंग यायचा फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या गालार्ग नावाच्या गावातून, तोही चिंध्यांच्या रूपात. तिथले लोक ‘तूर्नसोल’ नावाच्या रानटी झुडपाच्या रसात फडकी भिजवत, वाळवत आणि मग मूत आणि शेण यांच्या वाफेवर धरत. अमोनियाच्या त्या वाफेने फडकी निळी-जांभळी होत. या चिंध्या गठ्ठ्यांनी हॉलंडला जात आणि चीजच्या सालीवर घासल्या की आंबटपणामुळे साल लाल दिसू लागे. नाताळच्या टेबलावर मेणबत्तीच्या उजेडात झळाळणाऱ्या त्या लाल रंगाचे पूर्वज हे असे. जेवताना सांगण्यासारखी गोष्ट नाही, म्हणून इथेच सांगून टाकली.

विशेष म्हणजे खुद्द नेदरलँड्समध्ये लाल मेण हे निर्यातीचं आणि पर्यटकांचं समजतात. डच माणूस रोजच्या पावाबरोबर खातो ते कोवळं, मऊ, सौम्य चीज, बहुधा पिवळ्या सालीचं.

गोळा फक्त फिलिपाइन्सलाच गेला असंही नाही. जिथे जिथे व्यापारी गलबतं पोचली तिथे तिथे तो उतरला आणि स्थानिक स्वयंपाकघरांनी त्याला आपापल्या परीने राबवलं. कॅरिबियनमधल्या क्युरासाव बेटावर चीजच्या पोकळ कवचात मांसाचं सारण भरून शिजवतात. मेक्सिकोच्या युकातानमध्येही गोळा कोरून खिम्याने भरतात. पोर्तुगालमध्ये याच घराण्यातल्या चीजला ‘फ्लामेंगो’ म्हणतात. जाता जाता एक गोव्याची गोष्ट: १९५५ नंतर भारताने गोव्याची आर्थिक कोंडी केली तेव्हा पोर्तुगीज सरकारने बाजारात बटाटे आणले ते नेदरलँड्समधून. घाटापलीकडे बेळगावात बटाटे पडलेले असताना! वसाहतींच्या पोटाची नाळ शेजारच्या शेतापेक्षा दूरच्या बंदराशी जोडलेली असते, हे फिलिपिनो माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

फिलिपाइन्समध्ये स्पॅनिश राज्य तीनशे तेहतीस वर्षं चाललं. पहिली अडीचशे वर्षं स्पेनशी जवळजवळ सगळा संबंध मेक्सिकोमार्गे. आकापुल्कोहून वर्षाला एखाद-दुसरं गलबत यायचं, तेही १८१५ मध्ये थांबलं. मनिला बंदर १८३४ मध्ये परदेशी व्यापाराला खुलं झालं, १८६९ मध्ये सुएझचा कालवा सुरू झाला आणि युरोपातला माल वाफेच्या बोटींनी थेट येऊ लागला. ऊस, दोरखंडाचा अबाका धागा आणि तंबाखू यांवर गब्बर झालेल्या मिश्रवंशीय घराण्यांच्या हाती याच काळात पैसा खेळू लागला. हॅम, ऑलिव्ह तेल, वाइन, चॉकलेट, चीज हे सगळं त्यांच्या बैठकीत मानाचं झालं.

खाद्यसंस्कृतीच्या अभ्यासक डोरीन फर्नांडेझ (१९३४–२००२) यांनी याबद्दल फार मार्मिक मांडणी केली आहे. चिनी पदार्थ, उदाहरणार्थ नूडल्स आणि रोल, फिलिपाइन्समध्ये रोजचे झाले. रस्त्यावर, गाडीवर, गरिबाच्या ताटात. स्पॅनिश पदार्थ मात्र सणाचे झाले, कारण त्यांना लागणारा माल बाहेरून यायचा, महाग असायचा, आणि तो मालकांच्या टेबलावरचा होता. ज्याने राज्य केलं त्याचं जेवण सणाला, आणि जो दुकान घालून शेजारी राहिला त्याचं जेवण रोज. केसो दे बोला या मांडणीत चपखल बसतो, फक्त एक गंमत लक्षात ठेवायची: राज्य करणारा स्पॅनिश होता, चीज त्याच्या वैऱ्याचं होतं.

फिलिपाइन्सचा नाताळ सप्टेंबरात सुरू होतो. ही अतिशयोक्ती नाही. इंग्रजी नावाच्या शेवटी ‘बर’ असलेले चार महिने म्हणजे नाताळचे महिने, असा तिथला हिशेब. एक सप्टेंबरला मॉलमध्ये गाणी लागतात, त्यांत १९९० पासून होसे मारी चान यांचा आवाज हटकून असतो. बांबूच्या कामट्यांचे, ताऱ्याच्या आकाराचे कंदील खिडक्यांत चढतात. सुपरमार्केटमध्ये लाल गोळ्यांची उतरंड लागते. १६ डिसेंबरपासून नऊ दिवस पहाटेच्या अंधारात चर्चला जायचं व्रत, ‘सिम्बांग गाबी’. पूर्वी शेतावर जाण्याआधी लोकांना प्रार्थना करता यावी म्हणून ती पहाटे ठेवली. आज कॉल सेंटरमधून रात्रपाळी करून सुटलेली मुलं त्याच वेळेला चर्चच्या दारात असतात.

प्रार्थना संपली की बाहेर बिबिंग्काच्या चुली. तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध यांचा केक, खाली निखारे आणि वर झाकणावरही निखारे. वर-खाली आच देण्याची रीत गोव्याच्या बेबिंकाची आठवण करून देते, नावही कानाला ओळखीचं लागतं. चव मात्र सर्वस्वी वेगळी: बिबिंग्कावर खारवलेल्या बदकाच्या अंड्याच्या चकत्या आणि चीज घालतात, आणि वरून खवलेलं ओलं खोबरं. गोड आणि खारट एकत्र ही फिलिपिनो जिभेची आवडती जोडी आहे. केसो दे बोलाचं तिथे एवढं का जमलं याचं अर्धं उत्तर या जोडीत आहे. ‘एन्सायमादा’ नावाचा लोण्याने माखलेला गोड, मऊ पाव असतो. त्यावर साखर आणि किसलेलं केसो दे बोला यांचा बर्फासारखा थर देतात. पांपांगा प्रांतातल्या जुन्या घरांत याच्या कृती आजीकडून नातीकडे जातात, आणि चीज किती मुरलेलं हवं यावरून वाद होतात.

पण सणाचं खरं इंधन दुसरं आहे. राष्ट्राध्यक्ष फेर्डिनांड मार्कोस यांनी १९७५ च्या डिसेंबरात एक हुकूम काढला, क्रमांक ८५१. मालकाने कामगाराला वर्षाला तेरावा पगार द्यायचा, आणि तो २४ डिसेंबरच्या आत. सुरुवातीला ही सोय कमी पगाराच्या कामगारांपुरती होती. कोराझोन आकिनो सत्तेवर आल्यावर १९८६ मध्ये ती मर्यादा उठली. आपल्याकडे १९६५ च्या बोनस कायद्याखाली किमान बोनस पुढे ८.३३ टक्के ठरला, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, म्हणजे हिशेबाने तेरावा पगारच. गिरणगावातल्या कुटुंबांची दिवाळी या रकमेवर उभी राहिली. मनिलातल्या कामगाराची नोचे बुएनाही तशाच आकड्यावर उभी आहे.

पगाराबरोबर येते ती भेटवस्तू. कंपन्या, बँका, सरकारी खाती, नगरसेवक, सगळे डिसेंबरात पिशव्या वाटतात: एक हॅम, एक लाल गोळा, फळांचा डबा, स्पॅगेटीचं पाकीट. कुणाला किती मोठा गोळा मिळाला यावरून त्याचं कचेरीतलं वजन समजतं. मिळालेला गोळा पुढे कुणाला तरी दिला जाणं हेही चालतंच. मेणाच्या कवचामुळे तो तीन घरं फिरून आला तरी तेवढाच नवा दिसतो. निनोंग आणि निनांग, म्हणजे मुलांचे धर्मपिता-धर्ममाता, यांच्याकडे नाताळच्या दिवशी लेकरांची रांग लागते ती कोऱ्या नोटांसाठी. मोठ्यांच्या देवघेवीत मात्र नोटेपेक्षा गोळा बरा, कारण तो दिल्याचं चारचौघांत दिसतं.

घरात आल्यावर तो लगेच कापतात असंही नाही. पुष्कळ घरांत तो आधी टेबलावर बसतो, हॅम आणि द्राक्षं यांच्या मधे, फोटोत येईल असा. चोवीसच्या मध्यरात्री ‘लोला’ म्हणजे आजी सुरी फिरवते, मेण सोललं जातं, पातळ फोडी निघतात. पान दे साल नावाच्या छोट्या पावात एक फोड चीज, एक फोड अननसाच्या रसात घोळवून खरपूस केलेलं हॅम. बरोबर दाट, कडसर गरम चॉकलेट. लहान मुलांना चीजपेक्षा मेणात रस. त्या लाल सालीचे हत्ती, फुलं, नाकं होतात आणि सोफ्याला चिकटतात. अर्धा गोळा मुद्दाम राखून ठेवतात, कारण आठवड्याने ‘मेदिया नोचे’, नव्या वर्षाची मध्यरात्र येते. त्या रात्री घरात गोल वस्तू हव्यात असा संकेत आहे. बारा गोल फळं, ठिपक्या-ठिपक्यांचे कपडे, खिशात नाणी. गोल म्हणजे नाणं, नाणं म्हणजे बरकत. गोळ्याला इथे दुसऱ्यांदा मान मिळतो.

आणि मग जानेवारी. वाळलेला, काठाला कडक झालेला तुकडा फ्रीजच्या दारात. तो किसून मेयोनेज आणि भोपळी मिरचीचे डबाबंद तुकडे यांच्यात कालवतात आणि पावाला लावतात. शाळेच्या डब्यात फेब्रुवारीपर्यंत तेच. माझ्या मते केसो दे बोलाची खरी परीक्षा इथे होते. ताजी फोड खारट लागते, जरा रबरासारखी. किसून, लोण्यात, साखरेत किंवा गरम पिठात गेल्यावर त्याचा सूर लागतो.

परवडण्याचा मुद्दा राहिला होता. मनिला महानगरात जुलै २०२५ मध्ये किमान रोजंदारी ६९५ पेसो झाली. परदेशी शिक्क्याचा, अननसाचं चित्र असलेला ‘मार्का पिन्या’चा गोळा घ्यायचा तर या रोजातला मोठा घास जातो. म्हणून बाजारात उतरंडीच्या खालच्या पायऱ्या आहेत: देशात तयार झालेले गोळे, काही तर दुधाची पावडर आणि वनस्पती तेल यांपासून केलेले, बाहेरून तेवढेच लाल. त्याच्याही खाली साधं ठोकळा-चीज. तिथलं व्यापार खातं दर वर्षी नोचे बुएनाच्या वस्तूंची भावसूची जाहीर करतं. त्यात हॅम, फळांचा डबा, स्पॅगेटी यांच्या ओळीत केसो दे बोलाही असतो. चीजच्या गोळ्याला सरकारी भावसूचीत जागा मिळते यावरून त्याचं सामाजिक वजन कळावं. २०२५ च्या नाताळाआधी याच खात्याच्या मंत्र्यांनी ५०० पेसोंत एका कुटुंबाची नोचे बुएना होऊ शकते असं म्हटलं आणि देशभर संतापाची लाट उठली. लोकांना हिशेब येत होता. त्यांना झोंबलं ते सणाचं टेबल किती लहान असावं हे दुसऱ्याने ठरवणं.

इतका परावलंबी सण असलेल्या देशात स्वतःचं चीज नाही का? आहे, आणि फार चांगलं आहे. लागुना प्रांतातलं सांता क्रूझ, शिवाय बुलाकान, कवीते आणि सेबू इथे काराबाओ म्हशीच्या दुधाचं ‘केसोंग पुती’ करतात. पांढरंशुभ्र, ओलसर, केळीच्या पानात गुंडाळलेलं. पहाटे करायचं, सकाळी विकायचं, दोन-चार दिवसांत संपवायचं. काराबाओ ही मुळात चिखलात नांगर ओढणारी म्हैस, दूध जेमतेम दीड-दोन लिटर. १९९२ च्या कायद्याने काराबाओ केंद्र स्थापन झालं आणि बल्गेरियातून मुऱ्हा जातीची जनावरं आणून संकर सुरू झाला. मुऱ्हा म्हणजे मूळची आपली हरियाणाकडची. बल्गेरियात ती भारतातूनच गेलेली. एवढं करूनही देशाला लागणाऱ्या दुग्धजन्य मालापैकी सुमारे एक टक्काच देशात निघतो. बाकी सगळं न्यूझीलंड, अमेरिका, युरोप.

केसोंग पुती चवीला केसो दे बोलापेक्षा सरस आहे, असं मी बिनदिक्कत म्हणेन. पण ते भेट म्हणून चार घरं फिरू शकत नाही, सप्टेंबरात घेऊन डिसेंबरापर्यंत कपाटात ठेवता येत नाही, वादळात वीज गेली तर दुसऱ्या दिवशी नासतं. १६ डिसेंबर २०२१ ला, नेमकी सिम्बांग गाबी सुरू होण्याच्या दिवशी, ‘ओदेत’ वादळाने सियारगाओ, सेबू, बोहोल झोडपून काढलं आणि कित्येक गावांचा नाताळ अंधारात गेला. अशा देशात मेणात बंद केलेल्या, फ्रीजवाचून राहणाऱ्या चीजला मोल असतं. सणाचा पदार्थ व्हायला चव पुरत नाही. त्याला वाट बघता आली पाहिजे.

वाट बघणं हा तर या देशाचा धंदाच झाला आहे. सुमारे एक कोटी फिलिपिनो देशाबाहेर राहतात. २०२३ मध्ये त्यांनी बँकांमार्फत घरी पाठवलेली रक्कम ३३ अब्ज डॉलरच्या वर होती, आणि डिसेंबर हा पाठवणीचा मोठा महिना. पैशाबरोबर जाते ती ‘बालिकबायान’ पेटी. माणसाच्या कमरेइतका पुठ्ठ्याचा खोका, समुद्रमार्गे, वजनाला हिशेब नाही, आकाराला आहे. म्हणून तो ठासून भरायचा. साबण, चॉकलेट, मांसाचे डबे, टॉवेल. नाताळाला पोचायचा तर सप्टेंबर-ऑक्टोबरात बोटीवर चढला पाहिजे. सप्टेंबरात वाजणारी गाणी बाहेरून पाहणाऱ्याला हौस वाटते, पण परदेशातल्या आईला ती बोट गाठायची आठवण असते.

पाठवणारी बाई स्वतः नाताळ कसा करते? हाँगकाँगचं उदाहरण घ्या. तिथे घरकामासाठी आलेल्या फिलिपिनो बायका दोन लाखांच्या आसपास आहेत आणि मालकाच्या घरीच राहण्याची सक्ती आहे. तिथल्या कामगार कायद्यात हिवाळी अयनाचा सण किंवा नाताळ यांपैकी एक सुट्टी कोणती, हे ठरवायचा अधिकार मालकाला आहे. मालकाने अयन निवडलं तर पंचवीस डिसेंबर कामात जातो. मध्यरात्रीचं जेवण तर दूरच. म्हणून नोचे बुएना सरकते ती रविवारवर. सेंट्रल भागातल्या वर्ल्ड-वाइड हाउस या इमारतीच्या दुकानांतून खरेदी होते आणि बँकांच्या टोलेजंग इमारतींखाली, पुठ्ठे अंथरून, पंगत बसते. लाल गोळा तिथेही असतो, पाच-सात जणींत वर्गणी काढून घेतलेला.

सौदी अरेबियात डुकराच्या मांसावर बंदी. म्हणजे हॅम गेलं. चर्च नाही, त्यामुळे पहाटेची प्रार्थनाही गेली. जेवण बंद दाराआड होतं. हॅमच्या जागी कोंबडीचं किंवा गोमांसाचं काहीतरी येतं, पण चीजला पर्याय शोधावा लागत नाही. जोडीतला हा एकच भिडू कायद्याच्या कचाट्यातून सुटला, म्हणून रियाध-जेद्दामधल्या टेबलांवर त्याचा मान मायदेशापेक्षाही वाढलेला. दुबईत परिस्थिती सैल. तिथल्या सुपरमार्केटमध्ये, केरळी, मराठी, पाकिस्तानी गिऱ्हाइकांच्या गर्दीत, नोव्हेंबरपासून गोळ्यांची मांडणी दिसते. मराठी माणूस ‘हे काय लाल?’ असं पुटपुटत ढकलगाडी पुढे नेतो.

समुद्रावर मराठी आणि कोकणी माणसाची ओळख याहून जवळची आहे. जगातल्या व्यापारी जहाजांवर फिलिपिनो खलाशी फार मोठ्या संख्येने आहेत आणि गोव्याचे, रत्नागिरीकडचे लोक त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं एकाच मेसमध्ये जेवत आले आहेत. बोटीवर फिलिपिनो आचारी असला की चोवीस डिसेंबरच्या रात्री, पहाऱ्याच्या वेळा सांभाळून, टेबल सजतं. रॉटरडॅमहून शिधा चढला असेल तर चीज हमखास. जे चीज एके काळी जहाजावरच्या माणसांना महिनोन्‌महिने पुरावं म्हणून इतकं घट्ट केलं, ते फिरून जहाजावर येतं.

आणि नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या फिलिपिनोचं काय? तो तर चीजच्या माहेरी. पण तिथल्या दुकानातलं एडाम त्याला मिळमिळीत वाटतं. मऊ, गोडसर, मीठ कमी. लाल गोळा हवा तर पर्यटकांच्या दुकानात किंवा विमानतळावर. त्याच्या जिभेवर बसलेली चव आहे ती लांबच्या प्रवासासाठी जास्त खारवलेल्या, जास्त वाळलेल्या, उष्ण हवेत मुरलेल्या गोळ्याची. डच व्यापाऱ्याने नाइलाजाने केलेली तडजोड फिलिपिनो घराने अस्सल चव म्हणून स्वीकारली. अंतर हाच त्या चीजमधला मसाला आहे, आणि तो हॉलंडमध्ये घालता येत नाही.

अमेरिकेत हे आणखी उघड दिसतं. कॅलिफोर्नियात डेली सिटी किंवा लॉस एंजेलिसच्या परिसरात साध्या अमेरिकन दुकानातही एडाम मिळतं, बऱ्याचदा स्वस्त. तरी माणसं गाडी काढून सीफूड सिटीसारख्या फिलिपिनो दुकानात जातात आणि मासे, कालामान्सी लिंबू आणि माशांची खारी चटणी यांच्या शेजारून अननसाच्या छापाचा गोळा उचलतात. नेदरलँड्समध्ये तयार झालेला माल, आणि अमेरिकेत विकला जातो फिलिपिनो म्हणून. तिथे वाढलेल्या मुलांनी त्याचे नवे उपयोग काढले आहेत: चीजकेक, बिस्किटं, आइस्क्रीमसुद्धा. मनिलातल्या बेकऱ्यांनीही केसो दे बोला चीजकेक केव्हाच आपलासा केला. करणाऱ्यांसाठी एकच सूचना. गोळा किसून घेतल्यावर पाककृतीत लिहिलेलं मीठ घालू नका, आणि साखर मात्र हात आखडता न घेता घाला.